शुल्काची सवलत आणि आपला मोंढा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे कागद मी सांभाळते. बिलं, परवाने, निर्यातीची फाइल, सगळं माझ्याकडे. गावोगावच्या बैठकीत, मोंढ्यात, कधी रात्री नऊला फोनवर तेच ते प्रश्न येतात. अमेरिकेनं सवलत काढली म्हणजे काय झालं? आफ्रिकेची तूर बिनशुल्क का येते? आपल्याला यातून काय मिळतं? तोंडी उत्तर देताना अर्धं राहून जातं, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

व्यापारातली सवलत म्हणजे नेमकं काय?

गावाच्या वेशीवरचा जकात नाका जुन्या लोकांना आठवत असेल. गाडी थांबायची, माल बघून पावती फाटायची, मग गाडी आत. आयात शुल्क म्हणजे देशाच्या वेशीवरची जकात. जागतिक व्यापाराचा मूळ नियम असा की ही जकात सगळ्या देशांच्या मालाला सारखी लावायची. एका शेजाऱ्याला दहा आणि दुसऱ्याला पाच, असं चालत नाही.

सवलत हा या नियमाला मुद्दाम केलेला अपवाद. गरीब किंवा विकसनशील देशाच्या मालाला श्रीमंत देश कमी शुल्क लावतो, कधी अजिबात लावत नाही, आणि त्या बदल्यात आपल्या मालासाठी तशीच सूट मागत नाही. हा एकतर्फी भाग लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

ही कल्पना निघाली कुठून?

अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी 1964 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत ती मांडली. कच्चा माल विकून देश वर येत नाही, कारखान्याचा माल विकता आला पाहिजे आणि त्यासाठी श्रीमंतांचा बाजार उघडा हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच परिषदेच्या 1968 च्या दिल्लीतल्या बैठकीत सगळ्यांनी तत्त्व मान्य केलं. म्हणजे या व्यवस्थेचं बारसं आपल्याच राजधानीत झालं. 1971 मध्ये युरोप आणि जपाननं सुरुवात केली, अमेरिका 1 जानेवारी 1976 पासून आली. 1979 मध्ये या अपवादाला कायमचा कायदेशीर आधार मिळाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून हिला जीएसपी म्हणतात.

अमेरिकेनं भारताची सवलत का काढली?

5 जून 2019 ला काढली. अमेरिकेच्या दुग्ध व्यवसायाची आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांची तक्रार होती की भारत आपला बाजार पुरेसा उघडत नाही. आपण स्टेंटच्या (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या नळीच्या) किमतीवर मर्यादा घातली होती, आणि मांसजन्य खाद्य खाणाऱ्या जनावरांच्या दुधाला आपला नकार होता. त्यावेळी या योजनेचा सगळ्यात मोठा लाभार्थी भारतच होता.

मला यात खटकतं ते असं की मुळात योजना एकतर्फी होती. देताना विकासासाठी म्हणून दिली आणि काढताना सौद्याचा हिशोब लावला. पुढे 31 डिसेंबर 2020 ला अमेरिकेच्या या योजनेची मुदत सगळ्याच देशांसाठी संपली. 2025 मध्ये भारतीय मालावर जे जादा शुल्क लागलं तो विषय वेगळा आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

मग देणारा देश मनाला येईल तशी सवलत देऊ आणि काढू शकतो का?

काढू शकतो, तो त्याचा अधिकार मानला जातो. पण देताना सारख्या परिस्थितीतल्या देशांमध्ये मनमानी भेदभाव करता येत नाही, आणि हे ठरवून घेतलं ते भारतानंच. अमली पदार्थांविरुद्ध लढतात म्हणून युरोपनं पाकिस्तानसह 12 देशांना जादा सूट दिली होती. भारत 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि 2004 मध्ये जिंकला. निकालाचा गाभा असा: वेगळी सूट द्यायची तर तिचे निकष उघड हवेत आणि त्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ती मिळाली पाहिजे. युरोपची आजची ‘जीएसपी प्लस’ ही श्रेणी त्याच निकालानंतर आली. पाकिस्तान 2014 पासून तिच्यात बसतो आणि त्याचे टॉवेल-चादरी युरोपात बिनशुल्क जातात. शेजारच्या सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना हे कुणी सांगायला लागत नाही.

शुल्कात वाचलेला पैसा येतो कुणाच्या हातात?

सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच, आणि बैठकीत तो सगळ्यात कमी विचारला जातो.

शुल्क आपण भरत नाही. युरोपात माल उतरवून घेणारा आयातदार भरतो. म्हणजे सूट मिळाली की पैसा आधी त्याचा वाचतो. त्यातला वाटा आपल्यापर्यंत यायचा तर भाव ठरवतानाच बोलावं लागतं.

आमच्या औसा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या 22 बायकांनी 2023 मध्ये जर्मनीच्या एका खरेदीदारासाठी सुती एप्रन शिवले. बिल 4 लाख रुपयांचं. अशा कपड्यावर युरोपचं शुल्क 12 टक्के, आणि तेव्हा भारताला मिळणाऱ्या साध्या सवलतीत 9.6 टक्के. फरक 2.4 टक्क्यांचा, म्हणजे 9,600 रुपये. बाईमागे सव्वाचारशेच्या वर. ज्या बाईची दिवसाची मजुरी त्याहून कमी आहे तिच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

ती मिळाली नाही. कापडापासून शिवलेल्या कपड्याला सूट हवी तर नियम असा की कापडही इथेच विणलेलं असलं पाहिजे. आमचं कापड इथल्याच मागावरचं होतं, पण ठोक व्यापाऱ्याच्या बिलावर नुसतं ‘सुती कापड’ एवढंच लिहिलेलं. कुणी विणलं, कुठे विणलं, काही नाही. ते बिल मी तपासलं नव्हतं. पुरावा नसताना उगमाचं निवेदन, म्हणजे माल कुठे तयार झाला ते लिहून देणं म्हणजे खोटं लिहिणं, म्हणून दिलं नाही आणि खरेदीदारानं पूर्ण शुल्क भरलं. पुढच्या खेपेला कापड घेतानाच माग असलेल्या कारखान्याचं बिल मागून घेतलं, निवेदन लिहिलं आणि खरेदीदाराला सरळ विचारलं, तुमचे शुल्कात एवढे वाचतात, त्यातले निम्मे शिलाईत वाढवा. त्यानं वाढवले. मागितल्यावर मिळालेले ते पैसे आहेत, आपोआप आलेले नाहीत.

हे एका छोट्या गटाचं झालं. देशपातळीवरही मोठे निर्यातदार कागदपत्रांसाठी माणूस ठेवतात आणि सूट घेतात. छोटा माणूस कटकट नको म्हणून पूर्ण शुल्कावर माल पाठवतो. सवलत गरिबासाठी म्हणून जन्मली आणि वापरायला मात्र कारकून लागतो.

भारत आता गरीब राहिला नाही, म्हणून युरोप आपल्याला बाहेर काढतोय. हे खरं आहे का?

अर्धं खरं. युरोपच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली साधी सवलत, दुसरी जीएसपी प्लस, तिसरी सगळ्यात गरीब देशांसाठी, जिथे शस्त्रं सोडून सगळा माल बिनशुल्क येतो. ही तिसरी 2001 पासून आहे. भारत पहिल्या पायरीवर. या पायरीवर एखाद्या देशाचा एखादा माल फार जाऊ लागला की तेवढा विभाग वगळला जातो. आपली वाहनं आणि त्यांचे सुटे भाग, पोलाद, कापड असे विभाग टप्प्याटप्प्यानं वगळले गेले. कॅनडानं तर 2015 पासून भारताला योजनेतूनच काढलं.

माझा आक्षेप मोजपट्टीला आहे. ती अख्ख्या देशाला लागते. दुसऱ्या राज्यातल्या प्रचंड कारखान्याचा माल आणि वाळूजमधल्या दहा कामगारांच्या वर्कशॉपचा माल एकाच ओळीत मोजला जातो. देश वर गेला म्हणजे हिंगोली वर गेली असं नाही. पण शुल्काची मोजपट्टी तालुक्यापर्यंत कधीच पोचणार नाही, आणि त्यासाठी युरोपला दोष देऊन उपयोग नाही. देशाच्या आत कुणाला उचलायचं हे काम आपल्याच राज्यकर्त्यांचं आहे.

बांगलादेशाला या सवलतीनं फायदा झाला का?

झाला. युरोपच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे कपडे बिनशुल्क जातात. 2011 पासून सगळ्यात गरीब देशांसाठी नियम सैल झाला: कापड बाहेरून आणा, फक्त शिवण तुमच्याकडे करा, तरी सूट. ज्या अटीवर आमचे एप्रन अडकले तीच अट त्यांच्यासाठी उठली. गावाकडून आलेल्या लाखो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला, त्यातून मुलींच्या शाळा सुटल्या नाहीत, लग्नं पुढे ढकलली गेली. ‘सर्वसमावेशक वाढ’ हा जड शब्द मला तिथे पायावर उभा दिसतो.

आणि तिथेच 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझा कोसळलं. अकराशेच्या वर माणसं गेली, त्यात बहुतेक त्याच बाया. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं. सवलतीनं काम दिलं, पण कामाच्या जागेची सुरक्षितता तिच्या हातात नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्याशिवाय बांगलादेशाचं उदाहरण देऊ नये असं मला वाटतं.

आपल्या केसर आंब्याला युरोपात शुल्क लागतं म्हणून तो जात नाही का?

नाही. आंब्यावर युरोपचं शुल्क मुळातच शून्य आहे, सगळ्यांसाठी. तिथे सवलतीला काही अर्थच उरत नाही. अडतं ते फळमाशीवर आणि फवारणीच्या औषधांच्या अंशावर. 1 मे 2014 पासून युरोपनं भारतीय आंबा बंद केला होता तो फळमाशीमुळे, शुल्कामुळे नव्हे. मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन आहे, जालन्यात आंब्याचं निर्यात सुविधा केंद्र आहे, पण बागेची नोंदणी, फवारणीची वही, उष्ण पाण्याची प्रक्रिया यातली एक कडी निसटली तरी माल परत फिरतो.

भारतही कुणाला सवलत देतो का?

देतो, आणि मराठवाड्याला हे माहीत असलंच पाहिजे.

जागतिक व्यापार संघटनेच्या 2005 च्या हाँगकाँग परिषदेत सगळ्यात गरीब देशांना बिनशुल्क बाजार देण्याचं ठरलं. विकसनशील देशांपैकी आधी पाऊल टाकलं ते भारतानं, 2008 मध्ये. 2014 मध्ये व्याप्ती वाढवून 98.2 टक्के शुल्क-ओळी (शुल्काच्या यादीतल्या मालाच्या नोंदी) खुल्या केल्या. मोझांबिक, मलावी, टांझानिया, म्यानमार हे त्यात येतात. हेच देश आपल्याला तूर विकतात.

2016 मध्ये डाळीचे भाव चढले होते. जुलैमध्ये भारतानं मोझांबिकशी करार केला, वर्षाला 1 लाख टनांपासून वाढवत 2 लाख टनांपर्यंत तूर घेण्याचा. त्याच खरिपात आपल्या लोकांनीही भाव बघून तूर पेरली. पाऊस चांगला झाला. पुढे काय झालं ते लातूरकरांना सांगायला नको: बोनस धरून हमीभाव 5,050 रुपये, आणि मोंढ्यात त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपला म्हणून थांबलेली मापं, ट्रॉलीखाली काढलेल्या रात्री. आमच्या शेजारच्या काकांनी अकरा दिवस काढले.

ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं तुरीच्या आयातीला वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. आपल्याला थोडा श्वास मिळाला. पण तिकडे मोझांबिक आणि मलावीत भारतासाठी म्हणून तूर लावलेले शेतकरी उघड्यावर पडले. ते लोक तूर फारशी खात नाहीत, ती आपल्याच बाजारासाठी पिकवतात. त्यांच्याकडेही भाव कोसळले. एकाच वर्षात दोन्हीकडचा एकर-दोन एकरवाला बुडाला.

मग आफ्रिकेच्या तुरीवर बंदी मागायची का?

मी मागणार नाही, आणि यावरून बैठकीत माझ्याशी भांडणारे बरेच आहेत.

गरीब देशांची सवलत आपल्याला खरंच किती नडते ते बघा. मार्च 2017 पासून तुरीवर 10 टक्के शुल्क होतं, गरीब देशांना माफ. मार्च 2023 मध्ये सरकारनं ते शुल्क सगळ्यांसाठीच काढून टाकलं. त्या दिवसापासून मोझांबिकच्या सवलतीला किंमत राहिली नाही, कारण जे सगळ्यांनाच फुकट त्यात सवलत कसली? शहरातली डाळ स्वस्त ठेवायची म्हणून दार उघडलं गेलं. आता मोझांबिकचा मालही याच दारातून येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. तिकडची तूर सप्टेंबरपासून आपल्या बंदरात उतरू लागते. आपली रास होते डिसेंबर-जानेवारीत. आपला माल मोंढ्यात येण्याआधी डाळमिलच्या गोदामात बाहेरचा माल पडलेला असतो, मग मिलवाला घाई कशाला करील? त्याचाही धंदा आहे. मागायचंच असेल तर मी तीन गोष्टी मागेन. आयातीचा निर्णय पेरणीआधी जाहीर करा, म्हणजे काय पेरायचं ते आम्ही ठरवू. रास निघायच्या काळात सरसकट शून्य शुल्क नको. आणि हमीभावाची खरेदी केंद्रं बारदान्यासकट वेळेवर सुरू करा. मोझांबिकच्या शेतकऱ्यानं आपलं काही बिघडवलेलं नाही. आपण युरोपाकडे जे मागतो तेच तो आपल्याकडे मागतो.

सोयाबीनचं काय? नेपाळचं तेल म्हणतात ते प्रकरण काय आहे?

इथे मात्र सवलतीचा खराखुरा गैरवापर दिसतो.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात नेपाळसारख्या देशांचा जवळजवळ सगळा माल भारतात बिनशुल्क येतो. नेपाळात सोयाबीन फार पिकत नाही. तरीही तिथून रिफाइंड सोयातेल प्रचंड येतं. कच्चं तेल परदेशातून नेपाळात नेतात, तिथे शुद्ध करतात आणि नेपाळी म्हणून इकडे पाठवतात. आपलं शुल्क जितकं जास्त, तितका हा रस्ता फायद्याचा. 14 सप्टेंबर 2024 ला सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क 27.5 टक्के आणि रिफाइंडवरचं 35.75 टक्के केलं, ते सोयाबीन उत्पादकाला आधार मिळावा म्हणून. त्यानंतर नेपाळकडची आवक फुगली. 30 मे 2025 ला कच्च्या तेलावरचं शुल्क पुन्हा 16.5 टक्क्यांवर आणलं.

‘माल खरोखर त्याच देशात तयार झाला का’ हे ठरवणाऱ्या नियमांना उगमाचे नियम म्हणतात. नुसतं गाळून-धुऊन माल ‘आपला’ होऊ नये, किमान ठरलेली किंमत तिथेच वाढलेली असावी, असा त्यांचा हेतू. सप्टेंबर 2020 पासून भारतात हे नियम कडक झाले, आता उगमाचा पुरावा ठेवण्याची जबाबदारी आयातदारावरही आहे. नियम आहेत, पण कागद आणि माल यांची गाठ कुणीतरी घालून बघावी लागते.

तरी सगळं खापर नेपाळवर फोडू नका. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 असताना मोंढ्यात सोयाबीन चार हजारांच्या आसपास रेंगाळलं, त्यात जगभरचा पेंडीचा पडलेला भाव होता आणि इथेनॉलनंतर उरणारा मक्याचा स्वस्त चोथाही होता. कोंबडीखाद्यवाल्यांनी पेंड कमी करून तो घेतला. आणि पौष्टिकतेच्या बाबतीत आपली पेंड कुठे कमी नाही, उलट जनुकीय बदल न केलेली म्हणून युरोपात तिला वेगळं गिऱ्हाईक आहे. तिथे शुल्काचा प्रश्न नाही. बियाण्यापासून गोणीपर्यंत माल वेगळा ठेवल्याचा पुरावा मागतात. हे काम एकट्या शेतकऱ्याचं नाही, उत्पादक कंपनीचं आहे.

मुक्त व्यापार करार झाला की ही सवलत राहते का?

करार वेगळा. तो दुतर्फी असतो, आपणही त्यांच्या मालाला दार उघडतो. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार 1 मे 2022 पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी झालेला त्याच वर्षीच्या 29 डिसेंबरपासून. ऑस्ट्रेलियाच्या करारात त्यांच्या कापसाला ठरावीक कोट्यापर्यंत बिनशुल्क प्रवेश आहे, हे परभणी-जालन्याच्या कापूसवाल्यांनी लक्षात ठेवावं. सवलत समोरचा हवी तेव्हा काढतो, करार तसा सहज मोडत नाही. त्यामुळे कारखाना टाकायचा असेल तर कराराच्या भरवशावर टाकावा.

आमच्या गटाला पहिल्यांदा माल पाठवायचा आहे. सवलत मिळते का ते कसं कळेल?

आधी मालाचा शुल्क-क्रमांक, म्हणजे त्या प्रकारच्या मालाला दिलेला ठरावीक नंबर, काढा. सगळं त्यावर ठरतं. एप्रन आणि पिशवी दोन्ही सुतीच, पण क्रमांक वेगळे, शुल्कही वेगळं. मग त्या देशाचं साधं शुल्क किती आणि भारतासाठी किती ते बघा. दोन्ही शून्य असतील तर या भानगडीत पडूच नका, गुणवत्तेच्या चाचण्यांवर पैसा घाला.

फरक असेल तर कच्च्या मालाची बिलं पहिल्या दिवसापासून जपा, त्यावर बनवणाऱ्याचं नाव हवं. आयात-निर्यात कोड काढा, तो ऑनलाइन मिळतो. युरोपच्या सवलतीसाठी 6,000 युरोपर्यंतच्या खेपेला निर्यातदार स्वतःच बिलावर उगमाचं निवेदन लिहू शकतो. त्याच्या वर गेलात तर नोंदणीकृत निर्यातदार व्हावं लागतं. निवेदनाचा मजकूर ठरलेला असतो, त्यात शब्द बदलू नका. बाकी बऱ्याच देशांसाठी उगम प्रमाणपत्र विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवरून काढतात.

भाव पक्का करण्याआधी खरेदीदाराला विचारा: शुल्क तुम्ही किती भरणार, आणि आमच्या कागदामुळे त्यातलं किती वाचणार? आकडा त्याच्याच तोंडून येऊ द्या. मग तो आकडा घेऊन गटाच्या बैठकीत बसा आणि शिलाई किती वाढवून मागायची ते बायकांनाच ठरवू द्या.